बर्फावर जाण्याआधी

मे महिन्यातली दुपार होती. कूलरच्या टाकीत दुसऱ्यांदा पाणी भरून मी नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्युनिकला नोकरी करते. आमच्या वर्ध्यात अंगाला बनियन चिकटत होतं आणि तिकडे ती जाकीट घालून बसली होती.

"बाबा, फेब्रुवारीत तुम्ही दोघं या. आपण ऑस्ट्रियात जाऊ. स्कीइंग करू."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अगं, आम्हाला कुठे जमणार ते?"

"शाळा असते आई तिथे, नवशिक्यांची. तुमच्या वर्गात पाच-पाच वर्षांची पोरं असतील, एवढंच."

आम्ही तिघंही हसलो. मी पन्नाशी ओलांडलेला, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस. उतारावरून घसरणाऱ्या वस्तूची गणितं पंचवीस वर्षं फळ्यावर सोडवली, पण स्वतः कधी बर्फाला हात लावला नव्हता. मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवला, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की त्याला हे कळता कामा नये.

तो म्हणजे माझा मित्र. शाळेपासूनचा. बसस्थानकासमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. स्कॉलरशिप, पीकविमा, पॅन कार्ड, पासपोर्ट, सगळं तिथे होतं. फॉर्ममध्ये त्याची चूक होत नाही, ही त्याची गावभर ख्याती. आमच्या घरातल्या तिघांचेही पासपोर्ट त्यानेच काढून दिले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तर्री-पोहे खातो आणि मग त्याच्या दुकानात तासभर बसतो. तो चालतो तेव्हा त्याचं सगळं अंग उजवीकडे झुकतं. उजवा पाय डाव्यापेक्षा तोकडा आहे आणि गुडघा वाकत नाही. त्या पायातल्या बुटाचा तळ जाड करून घेतलेला असतो.

त्याला कळू नये, यामागचं कारण तो पाय होता. आणि तो पाय तसा का झाला, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. तो आणि मी.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आम्ही. मामा आमच्याकडे मुक्कामाला आले होते आणि त्यांच्या मोटारसायकलची किल्ली खिळ्याला लटकलेली होती. मी न विचारता घेतली. बोर धरणावर जायचं ठरलं. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, त्याच्याकडे होतं. त्याचे वडील एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. पोरगा अठरा वर्षांचा झाला त्याच महिन्यात त्यांनी त्याला लायसन्स काढून दिलं होतं. सेलूपर्यंत तोच चालवत होता. सेलूला चहा प्यायलो आणि मी म्हटलं, "आता मी."

"तुले अजून गिअर नीट जमत नाई," तो म्हणाला.

"मामा कोणाचा आहे?" मी म्हटलं आणि हँडल धरलं.

हिंगणी त्याचंच गाव, ते मागे पडलं. पुढे जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला गुरं आडवी आली. मी ब्रेक दाबायच्या ऐवजी नुसतंच हँडल वळवलं. गाडी रस्त्याखाली उतरली आणि मोरीच्या दगडावर जाऊन आदळली. त्याचा पाय गाडी आणि दगड यांच्या मधे सापडला. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या दोन बाया धावत आल्या, मग एक जीप थांबली. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, डोळे मिटलेले. जीपवाल्याने मागे न बघताच विचारलं, "चालवत कोन होता?"

मी म्हणालो, "हा."

एवढंच. का म्हणालो? लायसन्स नव्हतं म्हणून, मामाला न विचारता गाडी घेतली म्हणून, वडील हेडमास्तर होते म्हणून. कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. त्या क्षणी कारण वगैरे काही नव्हतं, फक्त तोंडातून ते अक्षर निघालं. नंतर हवालदार आला, मामा आले, वडील आले. सगळ्यांनी तेच धरून घेतलं. मला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी हेडमास्तरांचा मुलगा होतो, आमची गावाकडे ओलिताची शेती होती. तो हिंगणीच्या वस्तीतल्या बौद्ध घरातला, बसच्या ड्रायव्हरचा पोरगा. कोणाचा शब्द खरा धरायचा हे लोकांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. तेव्हा मला हे समजत नव्हतं असं मी लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तो नीट शुद्धीवर आला. मी गळ्यात हात बांधून पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. त्याचे वडील खाकी गणवेशातच ड्युटीवरून आले होते. ते त्याला म्हणाले, "वीस वर्षं झाले, पन्नास-पन्नास मानसं घेऊन गाडी चालवतो मी. एक ओरखडा नाई. अन् तुले मागं बसलेला एक मित्र नाई सांभाळता आला?"

त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि त्याचे वडील माझ्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "माफ करजो बापू. पोराची चुकी झाली."

मी मान हलवली. माफ केल्यासारखी.

तो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मैदानावर पळायचा. त्या गोष्टीवर आम्ही नंतर कधी बोललो नाही. तो वर्षभर घरी होता, मग टायपिंग शिकला, मग कॉम्प्युटर, मग हे दुकान टाकलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या, चांगल्या शिकल्या. आमची मैत्री टिकली. टिकली म्हणजे त्याने टिकवली. वडिलांनी मात्र त्या दिवसानंतर मुलाच्या गाडीवर पाय ठेवला नाही. त्याने पुढे मागच्या बाजूला दोन जादा चाकं जोडलेली स्कूटर घेतली तरी म्हातारा वर्ध्याला यायचा तो बसनेच. लोकांसमोर हसत सांगायचा, "ड्रायव्हरचा पोरगा, पन हात नाई बसला त्याचा." दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मी त्यांच्या घरी खीर खायला जायचो आणि हे वाक्य ऐकायचो.

तर असा मी, आता दोन्ही पायांवर बर्फात घसरायला जाणार होतो. ते त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी ठरवलं, सांगायचंच नाही. व्हिसाचं काम नागपूरच्या एका एजंटाला दिलं. बायकोने विचारलं, "भाऊजी असताना नागपूर कशाला?" मी म्हटलं, "व्हिसाचं काम वेगळं असतं." हे खोटं तिने मानलं. तीस वर्षं ती माझ्यासोबत आहे आणि तिलाही खरं माहीत नव्हतं.

तयारी सुरू झाली. मुलगी तिकडून व्यायामाचे व्हिडिओ पाठवायची. सकाळी गच्चीवर भिंतीला पाठ लावायची आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं राहायचं. मांड्या थरथरायच्या. बायको माझ्या पुढे निघून गेली. ती दोन-दोन मिनिटं बसायची आणि घड्याळ दाखवायची. मला मजा वाटायची आणि त्या मजेचाच त्रास व्हायचा. गुडघे वाकवून, घाम गाळत भिंतीला टेकलो असताना एक दिवस माझ्या मनात आलं, की त्याला हे एवढंसुद्धा करता येत नाही. मी तिथेच खाली बसलो. बायकोला वाटलं पाय दुखला.

रविवारी पोहे खाताना मी कॉलेजच्या, निवडणुकीच्या, संत्र्याच्या गोष्टी करायचो. एकदा तो म्हणाला, "तू बारीक होऊन राह्यला. काय करून राह्यला?"

"सकाळी फिरतो," मी म्हणालो.

"चांगलं हाय. फिरजो."

नोव्हेंबरात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागला. आम्ही लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे घेतले. परत येताना तो समोरून स्कूटरवर आला आणि मी पिशवी पाठीमागे धरली. पन्नाशीचा माणूस भर बाजारात टोप्या लपवतोय, हे बायकोने पाहिलं.

डिसेंबरात एजंटाने घोटाळा केला. बायकोच्या एका कागदावर माहेरचं आडनाव होतं, दुसऱ्यावर सासरचं, ते त्याने तसंच पुढे ढकललं. माझी जन्मतारीख एका ठिकाणी चुकवली. अर्ज परत आला. आता नव्याने भरायचा तर दिवस थोडे उरले होते. एजंट फोन उचलेना. मुलगी तिकडे रडकुंडीला आली, तिने सगळं बुकिंग करून ठेवलं होतं. मी कॉलेजात होतो. तेवढ्या वेळात बायकोने सरळ माझ्या मित्राला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऑस्ट्रिया, बर्फ, स्कीइंगची शाळा, सगळं.

संध्याकाळी मी घरी आलो तर ती हसत म्हणाली, "भाऊजींनी सांगितलं, कागद घेऊन उद्या सकाळीच या. इतके दिवस उगाच नागपूरच्या फेऱ्या मारल्या तुम्ही."

मी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"म्हणाले, व्वा वहिनी. अजून काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने माझ्याकडून फाइल घेतली, कागद एकेक करून टेबलावर लावले. स्कीइंगच्या शाळेचं पत्र वाचलं. त्यात एका उताराचं चित्र होतं, मुलं रांगेने खाली येत होती. ते त्याने जरा जास्त वेळ पाहिलं.

"मले सांगितलं काऊन नाई?" त्याने विचारलं.

"राहून गेलं."

"मे महिन्यापासून राहून गेलं?"

मी चुकलेल्या तारखेचा कागद त्याच्यापुढे सरकवला. तो कामाला लागला. आडनावाचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते सांगितलं, तारखा तपासल्या, प्रत्येक कागद उजेडाकडे धरून पाहिला. दोन तास तो माझ्या सुट्टीसाठी राबला. चहा त्यानेच मागवला.

शेवटी विम्याचा फॉर्म आला. स्कीइंगसाठी वेगळा विमा लागतो, त्यात तब्येतीचे प्रश्न होते. बीपी, शुगर, दमा. तो विचारायचा, मी सांगायचो.

"पूर्वी हाड मोडलं होतं काय?"

"हो," मी म्हणालो. "खांद्याचं."

"ते तर मालूम हाय मले." त्याने टिक केली. खाली एक रिकामी चौकट उघडली. दुखापत कशी झाली, थोडक्यात लिहा, असं तिथे होतं. त्याचे हात कीबोर्डवर थांबले. मग त्याने कीबोर्ड उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे तू लिही."

रस्त्यावर कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता, वाकत नसलेला पाय टेबलाखाली लांब करून. मी टाइप केलं, मोटारसायकलवरून पडलो.

त्याने वाचलं. "पडलो," तो म्हणाला. "बरोबर हाय. पडलाच." आणि पुढचं बटण दाबलं.

मला वाटत होतं तो ओरडेल, काहीतरी म्हणेल. तो फक्त पुढचा प्रश्न वाचायला लागला. निघताना मी दारात थांबलो आणि विचारलं, "तू तेव्हा बोलला का नाहीस?"

तो कागद फाइलमध्ये लावत होता. "त्या दिवशी दवाखान्यात तुयी वाट पाह्यली. म्हटलं आता सांगन, आता सांगन. मंग बाबांनी तुयापुढं हात जोडले. त्यानंतर मी बोललो असतो तर त्यायले वाटलं असतं, पोरगा सोताले वाचवून राह्यला." मग वर न बघता म्हणाला, "जा आता. दुपारी प्रतिज्ञापत्र करून आन."

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. व्हिसा मिळाला, पासपोर्ट घरी आले. मुलगी आनंदाने नाचली. आणि मला झोप येईना, जेवण जाईना. मी असा विचार केला, की जाण्याआधी हे निस्तरून टाकावं. हा विचार मला त्या वेळी फार चांगला, फार धीराचा वाटला. मित्राला मात्र मी विचारलं नाही. एका शनिवारी कॉलेज अर्धवट सोडून मी हिंगणीला गेलो.

त्याचे वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. बायको गेल्यापासून धाकट्या मुलाकडे राहतात. रस्त्यालगतच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, समोर ताडपत्रीवर तूर वाळत होती. जंगल बघायला जाणाऱ्या जिप्सी एकामागून एक जात होत्या. मला पाहून ते उठायला लागले.

"या सर, या. बसा." मी कॉलेजात लागल्यापासून ते मला सर म्हणतात आणि तुम्ही म्हणतात. कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत.

"बसा काकाजी, उठू नका."

एक जिप्सी गेली. ते म्हणाले, "पाह्यलं? हा क्लचवर पाय ठेवूनच चालवते. प्लेटा जाळून टाकन." मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. "अन् सर, तुमी बर्फात चालले म्हने. पोट्टा सांगत होता. लय खुश होता."

मी म्हणालो, "काकाजी, तुम्हाला एक सांगायचं आहे. तो अपघात झाला ना, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. सेलूपर्यंत तो, नंतर मी. त्याने नको म्हटलं होतं, तरी मी. जीपवाल्याने विचारलं तेव्हा मी त्याच्यावर ढकललं. सगळं सांगितलं, एकही गोष्ट सोडली नाही.

सून चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली. एक जिप्सी गेली, त्यांनी तिकडे मानही वळवली नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी तुयापुढं हात जोडले होते."

"हो."

"अन् तू उभा होता."

"हो काकाजी."

"इतके वर्षं माह्या घरी जेवून राह्यला तू."

सर गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "चहा पी," ते म्हणाले, "अन् जा."

मी चहा प्यालो. तो कसा प्यालो मला सांगता येणार नाही. उठलो तेव्हा ते आत निघून गेले होते. परत येताना, खरं सांगायचं तर, मला हलकं वाटत होतं. सेलूपर्यंत मी जवळजवळ आनंदात होतो. ही गोष्ट मला आता सगळ्यात जास्त खाते.

तीन दिवसांनी तो घरी आला. स्कूटर फाटकाशी लावली, आत आला नाही. मी बाहेर गेलो.

"बाबाले काऊन सांगितलं तू?"

"कधीतरी सांगायलाच हवं होतं ना."

"मले विचारलं? मायी गोष्ट होती ना ते? निम्मी तरी मायी होती ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. "बाबा दोन दिवस जेवले नाई. काल मले बोलावलं. मले वाटलं, आता पाठीवर हात ठेवतीन. त्यायनं काय विचारलं मालूम हाय? म्हने, तू इतके वर्षं बोलला काऊन नाई? माह्याकडून तुले शिव्या देववल्या, पाप करवून घेतलं. म्हंजे पुन्हा मीच. तवा गाडी पाडली म्हनून मी, आता बोललो नाई म्हनून मी."

मी काही बोलायला गेलो. त्याने हात वर केला.

"तुले बर्फात हलकं होऊन जायचं होतं. म्हनून त्या म्हाताऱ्यावर नेऊन टाकलं. ऐंशीव्या वर्षी."

बायको दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "भाऊजी, आत या." तो तिला म्हणाला, "नाई वहिनी. मंग येईन." स्कूटर वळवून गेला.

मी बायकोला सगळं सांगितलं. पलंगावर बसून ती ऐकत होती, हातात आमच्या प्रवासाची यादी होती. ऐकून झाल्यावर तिने पहिलं विचारलं ते असं, "ज्या वर्षी आपल्या पोरीचा पासपोर्ट काढायला भाऊजी चार चकरा मारत होते, तेव्हाही तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही घरी बसून होता. मला म्हणाला होतात, त्यालाच जाऊ दे, त्याची ओळख आहे." ती उठली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं.

मी म्हणालो, आपण जाणं रद्द करू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. "म्हणजे तेही ओझं त्यांच्याच डोक्यावर? माझ्यामुळे पोरीची सुट्टी गेली, असं वाटायचं त्यांना? त्यांनी दोन तास बसून ते कागद नीट केलेत. आता गुमान चला."

निघण्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो. गर्दी होती, कुठल्यातरी भरतीची शेवटची तारीख होती. पोरं रांगेत उभी होती. त्याने मला पाहिलं. "विम्याचा कागद हातातल्या बॅगेत ठेवजो," तो म्हणाला. "सामानात टाकू नको." आणि पुढच्या पोराची मार्कशीट हातात घेतली. मी निघालो.

ऑस्ट्रियातलं ते गाव चित्रातल्यासारखंच होतं. पहिल्या दिवशी आम्हाला खरोखरच लहान मुलांच्या शेजारच्या उतारावर नेलं. बायको तिसऱ्या प्रयत्नात खाली गेली आणि लहान मुलीसारखी ओरडली. मी सात-आठदा पडलो. शिकवणारा तरुण मुलगा दर वेळी हसून म्हणायचा, गुडघे वाकवा, गुडघे. माझे गुडघे चांगले वाकत होते. गच्चीवर सहा महिने मेहनत केली होती. मलाच ते वाकवायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उताराच्या पायथ्याशी सूप पीत बसलो होतो. मुलीने फोन काढला. "काकांना फोटो पाठवला काल. त्यांनी बघितला, पण उत्तर नाही. असं कधी होत नाही. काय झालंय बाबा?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती सूपच्या वाटीत बघायला लागली. खोटं बोलणं मला तिथे फार सोपं होतं. नेटवर्क नसेल, कामात असेल. पण मी सांगितलं. हिंगणीला सांगितलं तसं नाही, तिथे मला सुटका हवी होती. इथे मी मधेमधे थांबत होतो, कारण तिचा चेहरा बदलताना मला दिसत होता. याच काकांनी तिला सायकल शिकवली होती. त्या पायाने सायकलच्या मागे धावत.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, काका तुमच्या पायाला काय झालं. ते म्हणाले होते, मी वेंधळेपणा केला होता. तू तिथेच बसला होतास बाबा. पेपर वाचत होतास."

मला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि ते मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "हेच तर."

तिने हातमोजे घातले, स्कीज खांद्यावर घेतल्या आणि लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तिची खोली रिकामी होती. न्याहारीच्या टेबलावर आईसाठी चिठ्ठी होती, मी वरच्या उतारावर जातेय, दुपारी येईन. माझ्यासाठी काही नव्हतं. आम्ही दोघं कॉफी घेऊन खिडकीशी बसलो. वरून रंगीत ठिपके खाली येत होते. बायको एकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ती बघा, ती असेल." मग दुसऱ्याकडे दाखवून म्हणाली, "नाही, ती." मी दोन्हीकडे पाहिलं. इतक्या लांबून आपलं माणूस कोणतं, ते मला ओळखता आलं नाही.